जुन्या गाडीचे आवाज: एक्झॉस्ट आणि सस्पेन्शनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे साधारण १९५० ते १९७५ या काळातल्या गाड्या डोळ्यांपुढे धरल्या आहेत. कार्ब्युरेटर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेला एक्झॉस्ट, मागे लीफ स्प्रिंगचे पाटे, पुढे कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा), आणि जागोजागी ग्रीस निपल (ग्रीस भरायची तोटी). तुमची गाडी याहून वेगळी असेल तर तपशील बदलतील, शोधायची रीत बदलणार नाही.

आवाज नक्की कुठून येतोय ते कसं ओळखू?

आधी हा प्रश्नच बाजूला ठेवा. ‘कुठून’ नको, ‘कधी’ विचारा. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पोलादातून पाच हजारांच्या आसपास. त्यामुळे मागच्या शॅकलमध्ये (पाट्याला चासीशी जोडणाऱ्या हलत्या दुव्यात) बसलेली ठोक पत्र्यातून पुढे धावते आणि डॅशबोर्डाखालून ऐकू येते. गाडीतल्या चौघांना विचारा, चार जागा सांगतील आणि चौघेही छातीठोकपणे. ‘कधी’च्या बाबतीत मात्र कान सहसा फसत नाहीत.

इंजिन थंड असताना की गरम झाल्यावर? ॲक्सिलरेटर दाबताना की सोडताना? एकच चाक खड्ड्यात गेलं तेव्हा की दोन्ही चाकं एकदम उचलली गेली तेव्हा? वळताना कुठल्या बाजूला? ब्रेक लावल्यावर वाढतो की थांबतो? हे कागदावर लिहा. डोक्यात ठेवलं की दुसऱ्या दिवशी आठवणीत सोयीस्कर फेरफार होतात.

माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: ‘बारीक खडबडीत रस्त्यावर पुढून खडखड. ब्रेकवर नुसता पाय टेकवला की बंद.’ त्याआधी मी पुढच्या सस्पेन्शनचे दोन बुश (सांध्यात बसणाऱ्या, बहुधा रबरी, बाह्या) बदलून बसलो होतो. ही ओळ लिहिल्यावर पाच मिनिटांत उलगडा झाला. ब्रेक पॅड कॅलिपरमध्ये सैल होते, त्यांना दाबून धरणारी पातळ पत्र्याची स्प्रिंगच कुणीतरी परत बसवली नव्हती. पाय टेकला की पॅड डिस्कला चिकटणार, आवाज थांबणार. बुश बिचारे निर्दोष होते.

एक्झॉस्टचा आवाज आणि सस्पेन्शनचा आवाज वेगळा कसा करायचा?

गाडी उभी ठेवून, हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये इंजिन हळूहळू चढवा. आवाज आला तर तो एक्झॉस्टचा, इंजिनाचा किंवा इंजिन माउंटिंगचा. आला नाही तर मोकळ्या, सपाट जागी थोड्या वेगावर न्यूट्रल करून गाडी घरंगळू द्या. वेगाबरोबर आवाज मंदावत गेला तर तो चाकांकडचा. इंजिन मात्र बंद करू नका, स्टिअरिंगला लॉक असेल तर स्टिअरिंगच अडकतं.

एक फसवी जागा लक्षात ठेवा. इंजिन माउंटिंगचं रबर तेलानं फुगून मऊ झालं असेल, तर जोर लागताच इंजिन एका कुशीवर कलतं आणि पुढचा पाइप चासीला आपटतो. आवाज एक्झॉस्टचा, दोष रबराचा. अशा वेळी पाइप ठोकून वाकवणारे बहाद्दर मी पाहिले आहेत. पाइपावर आणि चासीवर समोरासमोर घासून चकाकणारी जागा दिसली की आधी माउंटिंगकडे बघा.

आवाजाचं वर्णन करायला शब्दच सुचत नाहीत. काय करू?

मराठीत या बाबतीत तरी तुटवडा नाही, फक्त शब्द नेमका वापरायला हवा. ‘खुळखुळ’ म्हणजे बंद डब्यात सुटा तुकडा, जसा सायलेन्सरच्या आत सुटलेला पडदा (आवाज अडवणारा आडवा पत्रा). ‘खडखड’ म्हणजे दोन सैल धातू एकमेकांवर. ‘ठक्’ म्हणजे फट होती ती एका झटक्यात मिटली, झिजलेला बुश किंवा जॉइंट. ‘धप्’ म्हणजे मधे रबर आहे, बहुधा बंप स्टॉप, सस्पेन्शन पूर्ण दबलं की आपटतो तो रबरी ठोकळा. ‘कुईकुई’ म्हणजे कोरडं घर्षण. ‘फुसफुस’ म्हणजे वायूची गळती, ‘फटफट’ म्हणजे पाइपात जळणारं उरलंसुरलं पेट्रोल. ‘घूंऽऽ’ म्हणजे काहीतरी गोल फिरतंय आणि खडबडीत झालंय. ‘कसलातरी आवाज येतोय’ या वाक्यानं कुठल्याच मेकॅनिकचं आजवर भलं झालेलं नाही.

सकाळी थंड इंजिनात टकटक येते, दहा मिनिटांत थांबते. टॅपेट ढिले आहेत का?

सर्वात जास्त चुकीची निदानं इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच धूर सोडतो. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्टही इंजिनाच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणजे त्याचा धक्का व्हॉल्व्हकडे नेणारा एक टॅपेटही दोन फेऱ्यांत एकदाच वाजतो. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर चालू असेल तर दोन्हींचा ठेका एकच: सेकंदाला साधारण सहा-सात ठोके. नुसता ठेका ऐकून टॅपेट आणि मॅनिफोल्डची (सिलिंडरांचा धूर एका पाइपात गोळा करणाऱ्या भागाची) गळती कुणालाच वेगळी करता येत नाही, अगदी मुरलेल्या कानालाही.

फरक दोन गोष्टींत दिसतो. पहिली गोष्ट उष्णता. बिडाचं मॅनिफोल्ड आणि पोलादी पाइप तापले की फुगतात. एक मीटर पोलादी पाइपाचं तापमान ४०० अंश सेल्सिअसनं वाढलं की तो जवळजवळ ५ मिलिमीटर लांबतो. त्यामुळे मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधली बारीक फट थंड असताना उघडी असते आणि गरम झाल्यावर मिटते. टॅपेटची टकटक सहसा अशी गुपचूप नाहीशी होत नाही. दुसरी गोष्ट जोर. गळतीची टकटक चढावर किंवा ॲक्सिलरेटर दाबल्यावर तीक्ष्ण होते, कारण सिलिंडरमधला दाब वाढतो. टॅपेटला इंजिनावर किती भार आहे याचं फारसं सोयरसुतक नसतं, तो फेऱ्या ओळखतो.

खात्री करायची तर इंजिन पूर्ण थंड असताना मॅनिफोल्डच्या सांध्यांवर साबणाचं पाणी शिंपडा, कुणालातरी इंजिन सुरू करायला सांगा आणि पहिल्या काही सेकंदांत बुडबुडे कुठे येतात ते बघा. नंतर ते पाणी उकळून जातं. सांध्याजवळ काळ्या काजळीचा पंखा पसरलेला दिसला तर बुडबुड्यांचीही गरज नाही.

फट सापडली म्हणून लगेच नट पिळू नका. जुने स्टड गंजलेले असतात, थंड बिडात ते मोडतात आणि मग दहा मिनिटांचं काम दोन दिवसांवर जातं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल लावून ठेवा. मॅनिफोल्ड काढलंच तर त्याच्या तोंडांवर सरळ पोलादी पट्टी आडवी धरून बघा. तापून-निवून मॅनिफोल्ड वाकलेलं असतं, आणि वाकड्या तोंडावर नवं पॅकिंग महिनाभरही टिकत नाही.

गळती आहे हे कळतंय, जागा सापडत नाही.

इंजिन मंद चालू ठेवा आणि टेलपाइपच्या तोंडाशी जाड ओली चिंधी हातमोजा घालून काही सेकंद दाबून धरा. एक्झॉस्ट घट्ट असेल तर हाताला चांगला दाब जाणवतो आणि इंजिन गुदमरू लागतं. गळती असेल तर दाब तिकडून निसटतो आणि ‘फुस्स’ स्पष्ट ऐकू येतं. कानाला एक रबरी नळी लावून तिचं दुसरं टोक पाइपाच्या कडेकडेनं फिरवलं तर जागा बोटाएवढी नेमकी सापडते. नळीचं टोक पंख्यापासून लांब ठेवा. हे सगळं उघड्यावर, बंद शेडमध्ये कधीच नाही.

ॲक्सिलरेटर सोडला की मागे फटफट होते. इंजिन खराब झालंय का?

बहुधा नाही. पाय उचलला की सिलिंडरमध्ये अर्धवट जळलेलं पेट्रोल पाइपात जातं. सांध्यात फट असेल तर तिथून ताजी हवा आत ओढली जाते आणि ते पेट्रोल गरम पाइपातच पेटतं. म्हणून आधी गळती बंद करा, मगच कार्ब्युरेटरला हात लावा. उलट क्रमानं गेलात तर मिश्रण विनाकारण गडद (जास्त पेट्रोलचं) करून बसाल आणि प्लग काळे पडतील. एखाद-दुसरा फट् उतारावर येत असेल तर कित्येक जुन्या गाड्यांचा तो स्वभावच आहे.

सायलेन्सर बाहेरून धडधाकट दिसतो, तरी खुळखुळतो. का?

कारण तो आतून सडतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. गाडी लांब चालली तर ती वाफ बाहेर पडते. रविवारी दोन किलोमीटर फिरवून परत झाकून ठेवली तर ती सायलेन्सरच्या तळाशी साठते आणि पातळ पडदे आतल्या आत खाऊन टाकते. जपून कमी चालवलेल्या गाडीचा सायलेन्सर रोज राबणाऱ्या गाडीच्या आधी जातो, हे मालकांना पटवणं कठीण असतं.

थंड सायलेन्सरवर मुठीनं किंवा रबरी हातोडीनं थाप मारा. शाबूत असेल तर बोदा ‘ठप्’ येतो. पडदा सुटला असेल तर आत काहीतरी सरकतं. तळाशी बारीक छिद्र दिसलं तर ते बुजवू नका, काही सायलेन्सरना पाणी निथळायला ते मुद्दाम ठेवलेलं असतं.

खुळखुळीबरोबर गाडीची ताकदही कमी झाली असेल तर सुटलेला तुकडा वाटेत आडवा पडलेला असू शकतो.

एका ठराविक वेगाला सगळी गाडी घुमते, थोडं पुढे-मागे गेलं की शांत. हे काय?

अनुनाद. चार सिलिंडरचं इंजिन प्रत्येक फेरीला दोनदा धडकतं, म्हणजे १५०० फेऱ्यांना सेकंदाला ५० ठोके. पाइप किंवा मजल्याचा पत्रा याच कंपनाला नादावणारा असेल तर तो घुमतो. मूळ कारण बहुतेक वेळा पाइपाच्या टांगणीत सापडतं. रबर दगडासारखं झालेलं असतं किंवा कुणीतरी त्याच्या जागी सरळ तार बांधलेली असते. तार बांधली की पाइप मजल्याला जोडलाच म्हणून समजा.

नवी रबरं लावताना सगळे क्लॅम्प आधी सैल ठेवा, पाइप आपल्या वजनानं मोकळा लटकू द्या, सगळीकडे बोटभर अंतर राहतंय ना ते बघा, आणि मग पुढून मागे कसत या. ताणून बसवलेला एक्झॉस्ट घुमतोच.

गाडी बंद केल्यावर खालून टिकटिक येते.

पाइप निवताना आकसतोय. खुशाल आत जाऊन झोपा.

थोडीशी गळती असली तर काय बिघडतं?

आवाजापेक्षा कार्बन मोनॉक्साइडची काळजी करा. कन्व्हर्टर नसलेल्या जुन्या इंजिनाच्या धुरात त्याचं प्रमाण काही टक्के असतं. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. मजल्याला गंजून भोकं पडली असतील किंवा बूटचं (मागच्या डिकीचं) रबर फाटलं असेल तर तो आत शिरतो. हवेनं थंड होणाऱ्या फोक्सवॅगन बीटलमध्ये तर केबिनची ऊब एक्झॉस्टभोवतीच्या हीट एक्स्चेंजरमधूनच येते, तिथली गळती थेट नाकाशी. गाडीत बसल्यावर डोकं दुखत असेल तर दोष रस्त्याला देऊ नका.

खड्ड्यात पुढून ‘ठक्’ येतं. सुरुवात कुठून?

आधी बूट (डिकी) रिकामा करा, जॅक आणि पाने खाली काढा, हबकॅप काढून आत खडा नाही ना ते बघा. हसू नका. मी तीन आठवडे एका ‘किंगपिन’मागे (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या उभ्या खिळ्यामागे) होतो, तो हबकॅपमधला चाकाचा नट निघाला.

मग दोन फेऱ्या मारा. एकदा आडव्या उंचवट्यावरून सरळ, दोन्ही चाकं एकदम चढतील अशी. एकदा फक्त एका बाजूचं चाक खड्ड्यात घालून. दुसऱ्या फेरीतच आवाज आला तर अँटी-रोल बारच्या लिंक आणि बुशांवर संशय घ्या, कारण तो बार दोन चाकं वेगवेगळी हलली तरच पिळला जातो. दोन्ही फेऱ्यांत आला तर शॉकॲब्सॉर्बरची वरची-खालची रबरं, विशबोनचे (चाकाला चासीशी जोडणाऱ्या दुबेळक्याच्या दांड्याचे) बुश, बॉल जॉइंट.

हाताखाली कुणी असेल तर त्याला बॉनेटच्या कोपऱ्यावर तालात दाबायला सांगा आणि तुम्ही एकेका सांध्यावर बोटं ठेवत जा. ठोक कानाला कळण्याआधी बोटाला कळते. ही तपासणी सगळी चाकं जमिनीवर असतानाच करायची. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, खाली भक्कम लोखंडी स्टँड लावल्याशिवाय डोकंसुद्धा नाही.

चाक धरून हलवायची योग्य पद्धत कोणती?

चाक वर-खाली, म्हणजे घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. खेळ जाणवला तर कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. खेळ गेला तर तो व्हील बेअरिंगचा होता. राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट. नंतर तीन आणि नऊच्या जागी धरा. तिथला खेळ बहुतेक टाय रॉड एंडचा किंवा स्टिअरिंग बॉक्सचा.

जॅक कुठे लावता याला महत्त्व आहे. कॉइल स्प्रिंग खालच्या विशबोनवर टेकत असेल तर जॅक त्या विशबोनखालीच, चाकाच्या जवळ लावा. चासीखाली लावलात तर स्प्रिंग जॉइंटला दाबून धरते आणि झिजलेला जॉइंटही घट्ट भासतो. मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) असेल तर उलट, चाक लटकतं ठेवून तपासा.

कुईकुई कशी शोधायची?

पाण्यानं. फवारणीच्या बाटलीत साधं पाणी घ्या, एका वेळी एकाच बुशावर मारा आणि गाडी हलवा. आवाज थांबला तो बुश गुन्हेगार. सगळीकडे एकदम पाणी मारलंत तर कुईकुई थांबेल आणि तुम्हाला काहीच कळलेलं नसेल.

सापडल्यावर त्यावर इंजिन ऑइल ओतू नका. खनिज तेलानं नैसर्गिक रबर फुगतं आणि भुसभुशीत होतं. सिलिकॉन ग्रीस चालतं. पॉलियुरेथेनचे बुश बसवले असतील तर कोरडे राहिल्यास ते ओरडणारच, ते ग्रीस लावूनच बसवायचे असतात. पाट्यांची कुरकुर असेल तर पाटे सुटे करून गंज घासा आणि ग्रॅफाइट ग्रीस लावा. मधे रबरी किंवा प्लास्टिकच्या चकत्या असतील तर ग्रीस नको, चकत्या बदला.

मूळच्या मिनीत (१९५९) धातूच्या स्प्रिंगऐवजी रबराचे शंकू आहेत. तिथे ओरडतो तो सहसा शंकू नव्हे, त्याला टेकणारा गोल नकल जॉइंट, कोरडा पडलेला.

क्लच सोडताना मागून एकदाच ‘ठक्’ येतं.

मागच्या ॲक्सलला जोर लागला की तो पिळतो. यू-बोल्ट सैल असतील, पाट्याचा मधला बोल्ट तुटला असेल किंवा शॅकलचे बुश गेले असतील, तर तेवढा ॲक्सल सरकतो. यू-बोल्टांपासूनच सुरुवात करा, पाना लावून बघायला मिनिटही लागत नाही. तारांच्या स्पोकची चाकं असतील तर हबवरचे खाचे झिजले आहेत का ते बघा.

ते ठीक असेल तर प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलकडे जोर नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे त्याच्या टोकांचे वळते सांधे. शाफ्ट हातानं उलटसुलट पिळा, क्रॉसच्या टोप्यांभोवती विटकरी भुकटी दिसली तर आतलं ग्रीस संपून गंज चढलाय. कोरडा क्रॉस हळू चालताना चिवचिवतोही. ती चिवचिव चाकाच्या ठेक्याहून साधारण चौपट जलद असते, कारण डिफरन्शियलमुळे शाफ्ट चाकाच्या सुमारे चौपट फिरतो.

नवे बुश बसवून घेतले, चार महिन्यांत परत ‘ठक्’. बुश नकली होते का?

असतीलही, पण आधी विचारा की बोल्ट कसले तेव्हा गाडी कुठे होती. धातूला चिकटवलेल्या रबराचा बुश सरकत नाही, पिळला जातो. गाडी हवेत, चाकं लटकलेली असताना बोल्ट कसला की तीच त्याची विश्रांतीची जागा ठरते. गाडी जमिनीवर आली की तो कायमचा पिळलेला, वर रस्त्याचे हादरे. माझे एका गॅरेजात असेच फाटले होते, आणि वर ‘जुन्या गाडीत असं होतंच’ हे ऐकून घ्यावं लागलं. बोल्ट हवेत नुसते अडकवा, गाडी चाकांवर उतरवा, दोनदा दाबून बसवा, मग शेवटचं कसा.

घूंऽऽ आवाज टायरचा, बेअरिंगचा की डिफरन्शियलचा?

रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की बदलतो तो टायरचा. ॲक्सिलरेटर दाबताना एक सूर आणि सोडताना दुसरा, तो डिफरन्शियलचा. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो, तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेअरिंग. उजवीकडे वळताना वाढला तर डावं.

कोपरा दाबून सोडला, गाडी एकदाच वर येऊन थांबली. म्हणजे शॉकॲब्सॉर्बर चांगले ना?

पूर्ण गेलेला शॉकॲब्सॉर्बर त्या चाचणीत सापडतो, अर्धवट गेलेला निसटतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांतल्या लिव्हर-आर्म प्रकारात तेल कमी झालं की सुरुवातीचा थोडा भाग पोकळ जातो आणि मग एकदम पकडतो, तेव्हा बारीक ‘ठक्’ येते. लिव्हर सुटा करून हातानं पूर्ण खाली-वर चालवा, दोन्ही दिशांना सारखा चिवट विरोध हवा. एमजीबी आणि मॉरिस मायनरच्या पुढच्या बाजूला हाच लिव्हर वरच्या विशबोनचं काम करतो, तो सुटा करण्याआधी खालच्या विशबोनला जॅकचा आधार द्या.

कोणता आवाज आला की गाडी तिथेच उभी करायची?

चाकाकडून वेगाबरोबर वाढत जाणारी ‘टक-टक-टक’, विशेषतः चाक नुकतंच बदललं असेल तर: नट सैल असण्याची शक्यता सर्वात आधी. स्टिअरिंगमध्ये ‘ठक्’ बरोबर मोकळेपणा जाणवला तर. बेअरिंगची घूं वाढून खरखर झाली आणि हबकॅप हात लावता येणार नाही इतका तापला तर.

आणि मॉरिस मायनर किंवा ट्रायम्फ हेरल्डसारखी पुढे ट्रनियन (पुढचं चाक ज्यावर वळतं तो आट्यांचा सांधा) असलेली गाडी असेल, स्टिअरिंग जड होऊन पुढून करकर येत असेल, तर घरापर्यंतही नेऊ नका. कोरडा ट्रनियन तुटला की चाक आडवं पडतं. मायनरच्या ट्रनियनला ग्रीस लागतं, हेरल्डच्या ट्रनियनला गिअर ऑइल. हेरल्डमध्ये सवयीनं ग्रीस भरलं असेल तर ते घट्ट होऊन तेलाची वाट बंद करतं. असं झालं असेल तर ट्रनियन खोलून, ग्रीस धुऊन काढून, तेल भरल्याशिवाय गाडी हलवू नका.